वाईट ढीग ओळखणारा माणूस

सरजूय गावात पाणी वाहतं वरून खाली, पण मिळतं मात्र आधी खालच्या गल्लीला. एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं. त्याला कारण कालव्याचा उतार नव्हता की जिल्ह्याचा आदेश नव्हता. कारण होते ओदिना-अमाक, म्हणजे ओदिनाकाका, वय अडुसष्ट, फळं सुकवायच्या बंद पडलेल्या कारखान्यातले माजी तोलणारे.

मार्चमध्ये जर्दाळूच्या कळ्या फुगायला लागल्या की कालव्याचं फाटक उघडतं. पहिले तीन दिवस पाणी एका गल्लीला, पुढचे तीन दिवस दुसरीला. कागदावर हा फरक तीनच दिवसांचा. पण चौथ्या दिवसापर्यंत कालव्यावरच्या इतर गावांना जाग आलेली असते, आणि दुसऱ्या गल्लीच्या वाट्याला येतं त्याला पाणी म्हणण्यापेक्षा गाळ म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल. म्हणून पहिलं पाणी कुणाचं, हा सरजूयमध्ये वर्षातला एकमेव खरा प्रश्न. वरच्या गल्लीतले लोक एकोणीस वर्षं आपल्या दारावरून वाहत खाली जाणारं पाणी बघत उभे राहिले होते. पाण्याकडे एवढ्या द्वेषाने बघणारी माणसं दुसरीकडे सापडायची नाहीत.

हा प्रश्न फाटक उघडायच्या आदल्या दुपारी चायखान्यात सुटायचा. कालव्याचा कारभार बघणारा मिरोब, म्हातारा तुराबॉय, आपली टोपी जर्दाळूच्या बियांनी भरायचा आणि दस्तरखानाच्या कापडावर उपडी करायचा. दोन गल्ल्यांचे दोन खेळाडू समोरासमोर बसायचे. मागच्या वर्षी हरलेली गल्ली सुरुवात करायची. पहिल्याने हव्या तितक्या बिया उचलायच्या, फक्त सगळ्या नाही. त्यानंतर समोरच्याने आत्ता जितक्या उचलल्या त्याच्या दुपटीपर्यंत कितीही उचलायच्या, निदान एक तरी. शेवटची बी ज्याच्या हातात, पहिलं पाणी त्याच्या गल्लीचं. ढीग मात्र मोजायचा नाही. झाडं, मुलं आणि बिया मोजल्या की बरकत जाते, असं सरजूय मानतं.

ओदिना-अमाकांना हा खेळ कारखान्यामुळे आला, म्हणजे कारखाना बंद पडल्यामुळे. नव्वदच्या दशकात देशात इतकं काही घडत होतं की जर्दाळूच्या बियांकडे बघत बसणं हाच शहाणपणा होता. गावातले सगळे बेकार पुरुष चायखान्यात तेच करत होते. फरक एवढाच, की बाकीचे हरले की नशिबाला शिव्या द्यायचे आणि अमाक हरले की घरी जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर बिया मांडून ठेवायचे. दोन बियांवर आपली पाळी आली की आपण मेलो. तीनवर मेलो. चारवर एक उचलून वाचतो. पाचवर पुन्हा मेलो. नऊ हिवाळ्यांत त्यांच्या कट्ट्यावर वाईट ढिगांची रांग लागली: दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस. चौतीसचा ढीग काही दिवस टिकला, मग बायकोने, सबोहतने, तो फोडला, आतले बदाम राखेत भाजून खारवले आणि पाहुण्यांपुढे ठेवले.

"अहो, बिया होत्या, फोडल्या," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांच्यात काय दिसत होतं?"

अमाकांना त्यांच्यात पुढचा ढीग दिसत होता. मागचे दोन वाईट ढीग एकत्र लोटले की पुढचा वाईट ढीग तयार होतो. आणि कुठलाही दुसरा ढीग घ्या, त्यातून मावेल तो मोठ्यात मोठा वाईट ढीग बाजूला काढा, उरलेल्यातून पुन्हा मोठ्यात मोठा, असं करत गेलं की तो सगळाच्या सगळा वाईट ढिगांत फुटतो, फार तर एक सुटी बी उरते. त्यातला सगळ्यात धाकटा उचलायचा. समोरचा त्याच्या दुपटीपलीकडे जाऊ शकत नाही आणि पुढचा तुकडा नेहमी दुपटीपेक्षा मोठा असतो. समोरच्याने मग काहीही करावं.

न मोजलेल्या ढिगात याचा उपयोग शून्य, हेही अमाकांना कळत होतं. म्हणून ते सुरुवातीला एक-एक बीच उचलायचे. त्यामुळे समोरच्यालाही एक नाहीतर दोनच उचलता यायच्या, ढीग हळूहळू उतरायचा आणि तीस-पस्तिसाच्या आसपास आला की अमाकांचा डोळा त्याला तोलायचा. कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं तेच केलं होतं. समोरचा तोवर कंटाळलेला असायचा.

पहिल्यांदा जिंकले तेव्हा त्यांना चायखान्यात चहा आधी मिळाला. त्याआधी तो त्यांना शेवटी मिळायचा, कधी मिळायचाही नाही. एकोणीस वर्षांत खालच्या गल्लीचं एकही लग्न त्यांना विचारल्याशिवाय ठरलं नाही. लग्नांबद्दल त्यांना काहीही कळत नव्हतं. पण ज्याला पाणी आणता येतं त्याला बाकीचंही कळत असणार, असा गल्लीचा हिशेब होता आणि तो अमाकांनी खोडून काढला नाही.

या वर्षी डोंगरावर बर्फ पडलंच नाही. मिरोबने जानेवारीतच सांगून टाकलं, "पहिलं पाणी देतो. दुसऱ्याबद्दल मला विचारायला येऊ नका." म्हणजे जी गल्ली हरेल तिची झाडं या वर्षी कोरडी.

फेब्रुवारीत वरच्या गल्लीतली मावझुना एका लग्नाला गावी आली. ती खुजंद शहरातल्या विद्यापीठात गणित शिकवायची. लग्नात दोन दिवस सगळ्या बायकांनी तिला लग्न कधी करणार हे विचारल्यावर तिसऱ्या दिवशी ती चायखान्यात येऊन बसली, जिथे बायका सहसा बसत नाहीत. अमाक न्हावी खोलिकशी सरावाचा डाव खेळत होते. वीस बिया उरल्या होत्या. अमाकांनी दोन उचलल्या.

"अमाक, दोनच का?" तिने विचारलं.

"तेरा वाईट, पाच वाईट, दोन वाईट. झाले वीस. धाकटा उचलला."

"पण तेराच्या जागी आठ आणि पाच का नाही घेतले? बेरीज तीच."

"शेजारी आहेत ते. शेजारी एकत्र आले की मिळून मोठा ढीग होतो, मग त्यांना वेगळं मांडून काय उपयोग?"

खोलिक म्हणाला, "या गावात शेजारी एकत्र आल्याचं मी तर पाहिलं नाही."

मावझुनाने पियाला खाली ठेवला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. नऊ वर्षं हरलो."

"अमाक, याचं प्रमेय आहे. कुठलीही संख्या अशा आकड्यांत फोडता येते, शेजारी न घेता. आणि एकाच प्रकारे. दुसरा प्रकारच नाही."

"दुसरा नाही, हे कशावरून?"

"सिद्ध झालंय. बेल्जियममधल्या एका लष्करी डॉक्टरनं केलं."

अमाकांनी उरलेल्या बिया एका ओळीत लावल्या. नऊ हिवाळ्यांचा आपला माल कुणीतरी आधीच पेटीत भरून ठेवलाय, हे कळल्यावर माणूस हाताला काम शोधतो. मग म्हणाले, "रोगी कोण बघत होतं मग?"

"ते मला माहीत नाही."

"आणि दुपटीऐवजी तिपटीनं खेळलं तर? तेही आहे त्याच्याकडे? मी एक हिवाळा खेळलो. एक, दोन, तीन, चार, सहा, आठ, अकरा, पंधरा. तिथे शेवटच्या दोघांची बेरीज चालत नाही. पंधरा म्हणजे अकरा आणि चार. एकवीस म्हणजे पंधरा आणि सहा."

मावझुनाने पर्समधून कागद काढला आणि पाच मिनिटं काहीतरी लिहीत राहिली. मग मान वर केली. "बरोबर आहे, अमाक."

"बरोबर आहे ते माहीत आहे मला. लिहिलंय का कुणी, ते विचारलं."

"लिहिलंय," ती ओशाळून म्हणाली.

"चहा पी," अमाक म्हणाले. "गार होतोय."

इथवर हे दोन जाणकारांचं बोलणं होतं आणि तिथेच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मावझुना होती इनोयतची पुतणी. इनोयत हा सरजूयच्या समितीचा रईस, म्हणजे अध्यक्ष. श्रीमंतही होता, पण तो योगायोग. तो राहायचा वरच्या गल्लीत, त्याची झाडं तीनशे, आणि गेली चार वर्षं त्या गल्लीतर्फे तोच हरत होता. जेवताना मावझुना सहज म्हणाली की ओदिना-अमाकांची जादू नाही, ते गणित आहे. इनोयतने ओशचा, म्हणजे पुलावाचा, घास तोंडाशी थांबवला.

"म्हणजे लिहून देता येईल?"

"देता येईल की."

"तक्ता?"

"तक्ताही करता येईल. इतक्या बिया असल्या तर इतक्या उचला. पण काका, त्यासाठी बिया किती आहेत ते माहीत हवं."

"ते माझ्यावर सोड," रईस म्हणाला.

आठवड्याभरात समितीची बैठक लागली. रईसने पंचवीस मिनिटं भाषण केलं. गावाचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय अंदाजावर सोडणं आजच्या काळात शोभत नाही. पारदर्शकता हवी. ढीग यापुढे मोजला जाईल, त्यासाठी सात जणांचा आयोग नेमला जाईल, आयोग इतिवृत्त लिहील आणि त्यावर शिक्का मारेल.

मिरोब तुराबॉय काठी टेकत उभा राहिला. "मोजलं की बरकत जाते, इनोयत."

"बरकत विज्ञानानं वाढते, आजोबा."

"मग माझी टोपी कशाला हवी?"

"परंपरेसाठी," रईस म्हणाला. त्याला परंपरेचा अभिमान होता, तिचा उपद्रव नको होता.

ठराव मंजूर झाला. खालच्या गल्लीतल्यांनीही हात वर केले, कारण पारदर्शकतेच्या विरोधात हात वर कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. शिवाय आपला माणूस ओदिना, मोजा नाहीतर तोला, तो जिंकणारच.

आपला माणूस त्या संध्याकाळी बागेत आळी करत होता. मावझुना कुंपणापाशी आली.

"अमाक, मी तक्ता करून दिला. काकांनी मागितला, मी नाही म्हणू शकले नाही. माझ्या वडिलांचीही झाडं आहेत वर."

"पाणी सगळ्यांनाच लागतं," अमाक म्हणाले. "किती बियांपर्यंत केलास?"

"दीडशे."

"मग झालं."

"झालं. सुरुवात वरच्या गल्लीची. ढीग मोजलेला. वाईट आकडा नसेल तर सुरुवात करणारा हरूच शकत नाही, तक्ता वाचत गेला की झालं."

"इनोयतची अक्कल कमी आहे," अमाक म्हणाले, "पण त्याला वाचता येतं."

"एकच गोष्ट आहे. ढीग किती बियांचा, हे आयोग उद्या ठरवणार आहे. तुम्ही एकोणनव्वद मागा. एकोणनव्वदवर सुरुवात करणारा मरतो."

"हे मला सांगतेस?" अमाक हसले. "आणि तुझे वडील?"

"मी फक्त गणित सांगतेय," मावझुना म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आयोगापुढे अमाक उभे राहिले. आयुष्यात त्यांनी बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या.

"ढीग एकोणनव्वदचा ठेवा," ते म्हणाले.

"एकोणनव्वद का?" रईसने विचारलं. त्याच्या खिशातल्या तक्त्यात एकोणनव्वदसमोर पुतणीने लाल पेनाने काट मारलेली होती.

"मला बरा वाटतो."

"बरा वाटतो म्हणे! हा काय आकडा झाला, अमाक? ना धड नव्वद, ना धड ऐंशी. जिल्ह्याला पाठवायचंय इतिवृत्त. शंभर लिहू. शंभर हा सरकारी आकडा आहे."

आयोगातले सहा जण म्हणाले, शंभरच बरा. सातवा म्हणजे खोलिक. तो खालच्या गल्लीतर्फे होता. तो म्हणाला, "ओदिना, शंभरात काय वाईट आहे? मोजायला सोपा." आणि त्यानेही हात वर केला.

अमाकांनी डोळे मिटून शंभर फोडला. एकोणनव्वद, उरले अकरा. आठ, उरले तीन. तीन उचलायच्या आणि जिंकायचं. फक्त उचलणारा हात इनोयतचा असणार होता.

घरी सबोहत नान भाजत होती. तिने तोंड बघितलं आणि विचारलं, "हरणार?"

"हरणार."

"मग जाताच कशाला? ताप आलाय म्हणा."

"खेळलो नाही तर हरलोच. खेळून हरलो तर निदान खेळलो."

"एकोणीस वर्षं मला बिया फोडू दिल्या नाहीत धड," सबोहत म्हणाली, "आणि आता सांगताय की सगळं कागदावर मावत होतं." मग थोड्या वेळाने, तंदूरकडे बघत, "खोलिकच्या धाकट्याची रोपं नवीन आहेत. ती जगायची नाहीत या वर्षी."

"माहीत आहे."

"आपलीही."

"माहीत आहे, सबोहत."

डावाच्या दिवशी चायखान्यात अतलसचं रेशमी कापड अंथरलं होतं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा एक वार्ताहर आला होता, कारण रईसने त्याला ओशचं आमंत्रण दिलं होतं. मिरोबने टोपी भरली आणि चेहरा दुसरीकडे करून उपडी केली. आयोगाने मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव भरल्या. दुसऱ्यांदा एकशे एक. आयोगात वाद झाला. एकाने सुचवलं की दोन्हींची सरासरी घ्यावी. शेवटी मावझुनाने दहा-दहाच्या रांगा लावल्या तेव्हा नव्व्याण्णव निघाल्या. रईसने खिशातून एक बी काढून ढिगात टाकली. ती खिशात कशी आली हे कुणी विचारलं नाही. चिटणिसाने इतिवृत्तात लिहिलं: शंभर. शिक्का पडला. त्याखाली आधीच छापलेलं होतं: सुरुवात, वरची गल्ली.

इनोयत आणि अमाक समोरासमोर बसले. इनोयतने दाढीवर हात फिरवला, बाह्या सारख्या केल्या. तक्ता आतल्या खिशात होता आणि त्याला तो पाठही झाला होता: शंभर, तीन. चार वर्षांनंतर पहिल्यांदा तो हसत बसला होता. वार्ताहराने कॅमेरा वर केला. भोवती दोन्ही गल्ल्यांच्या पांढऱ्या दाढ्या उभ्या होत्या. आणि अशा वेळी, इतक्या लोकांसमोर, आपल्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या माणसासमोर ढिगाकडे हात नेताना इनोयतच्या तोंडातून ते आपोआप निघून गेलं. दारातून आत जाताना, गाडीत बसताना, हात धुताना, ताटाला हात लावताना तो दिवसातून चाळीस वेळा जे म्हणायचा तेच. उजवा हात छातीवर ठेवून, मान लववून.

"मर्हमत, अमाक. आधी तुम्ही."

यावर काय म्हणायचं ते सरजूयमधल्या चार वर्षांच्या मुलालाही माहीत असतं. अमाकांनी म्हणायचं, छे छे, तुम्ही. इनोयतने म्हणायचं, पांढऱ्या दाढीच्या आधी मी कसा? अमाकांनी म्हणायचं, अहो, रईस आहात तुम्ही. इनोयतने म्हणायचं, लाजवू नका. तिसऱ्या खेपेला अमाकांनी त्याच्या कोपराला हात लावून त्याला पुढे करायचं. मग इनोयत नाइलाजाने सुरुवात करेल, तीन उचलेल आणि पाणी घेऊन जाईल. अडुसष्ट वर्षांत ओदिना-अमाक पहिल्या आग्रहाला कुठल्याही दारातून आत गेले नव्हते. कारखान्यात गाडी सुटून गेली होती एकदा, आधी बसायला कुणी तयार होईना म्हणून. अमाकांचे ओठ 'छे छे'साठी उघडलेही होते. बाजूला उभ्या खोलिकचे तर उघडून झाले होते. आपल्या माणसाच्या वतीने तोच ते म्हणणार होता.

अमाकांनी तोंड मिटलं, हात पुढे केला आणि तीन बिया उचलल्या.

"रहमत," ते आभार मानत म्हणाले.

इनोयतचा हात अजून छातीवरच होता.

"अमाक... मी म्हणजे... ते आपलं..."

पुढचं वाक्य त्याला बोलता येईना. मी नुसतं सभ्यपणाने म्हणालो, असं पंचवीस म्हाताऱ्यांसमोर आणि एका वार्ताहरासमोर म्हणणारा माणूस सरजूयमध्ये पुन्हा कुणाला काही देऊ करण्याच्या लायकीचा उरत नाही. इनोयतला पुढच्या वर्षी पुन्हा निवडून यायचं होतं.

चिटणीस वाकला. "रईस, इथे सुरुवात वरची गल्ली छापलंय."

"खोड," इनोयत म्हणाला.

"शिक्का मारलाय त्यावर."

"खोड म्हणतो ना!"

मग त्याने उघड उघड तक्ता काढला. सत्त्याण्णवसमोर लिहिलं होतं, आठ उचला. अमाकांनी तीन उचलल्या होत्या, म्हणजे त्याला सहापर्यंतच परवानगी. त्याने तक्ता उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं.

"मावझुना, आठ चालतील?"

"नाही, काका."

"मग किती?"

"काहीही घ्या," ती म्हणाली. तिने रुमाल तोंडापुढे धरला होता.

इनोयतने सहा घेतल्या. एक्क्याण्णव उरल्या, म्हणजे एकोणनव्वद आणि दोन. अमाकांनी दोन उचलल्या. एकोणनव्वदवर आल्यावर तक्त्यात लाल काट होती. इनोयतने तिच्याकडे बघितलं, मग पुतणीकडे, मग चार उचलल्या. अमाकांनी एक उचलली. यापुढे तक्ता प्रत्येक खेपेला त्याला परवानगीपेक्षा मोठा आकडा सांगत होता, नाहीतर काट दाखवत होता, आणि तो प्रत्येक खेपेला प्रामाणिकपणे तो बघत होता. अर्ध्या तासाने तीन बिया उरल्या आणि पाळी इनोयतची होती. त्याने एक उचलली. अमाकांनी दोन उचलल्या.

"पाणी खाली," मिरोब म्हणाला, आणि टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

एरवी या क्षणी खालच्या गल्लीत आरडाओरडा व्हायचा. अमाकांना खांद्यावर घेण्यापर्यंत मजल जायची. या वर्षी लोक पटापट उठले आणि चपला शोधायला लागले. ओश आला तेव्हा तो सगळ्यांनी खाली बघत खाल्ला. इनोयतने यजमान म्हणून अमाकांपुढे मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला, पण या वेळी 'मर्हमत' म्हणाला नाही. अमाकांनी तो खाल्ला. तेही लोकांनी पाहिलं.

मावझुना जाताना त्यांच्यापाशी थांबली. "अमाक, तीनदा नाही म्हणायचं असतं."

"माहीत आहे."

"एकदा तरी म्हणायचं."

"एकदा म्हटलं असतं तर तो पुन्हा म्हणाला असता का? त्यालाही तोवर आठवलं असतं."

मावझुनाने विचार केला. "नसता म्हणाला."

"मग? हे लिहिलंय का तुझ्या डॉक्टरनं?"

"हे नाही लिहिलं," ती म्हणाली, आणि वरच्या गल्लीकडे निघाली, जिथे तिच्या वडिलांची कोरडी झाडं आणि काकांचा तक्त्याबद्दलचा प्रश्न दोन्ही वाट बघत होते.

वर्तमानपत्रात बातमी आली की सरजूयमध्ये पाणीवाटप वैज्ञानिक पायावर आणि दोन्ही बाजूंच्या सहमतीने पार पडलं. फोटो होता इनोयतचा, हात छातीवर, मान लवलेली. फार सभ्य दिसत होता.

सकाळी सहा वाजता मिरोबने फाटक उघडलं. पाणी वरच्या गल्लीतून आलं, दोन्ही बाजूंना उभ्या लोकांच्या मधून, पानं आणि काड्या पुढे ढकलत, आणि खालच्या बागांत शिरलं. गल्लीतला प्रत्येक माणूस फावडं घेऊन आपापल्या बांधापाशी होता. अमाकांना सलाम सगळ्यांनी केला, पण लांबून, आणि तब्येत कुणी विचारली नाही. एका म्हाताऱ्याने बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की आमच्या वेळी माणसं मरायची पण पहिल्या आग्रहाला हो म्हणायची नाहीत. हे सांगताना तो आपल्या झाडांना पाणी वळवत होता.

खोलिकची बाग अमाकांच्या लगतच. त्याच्या धाकट्याची रोपं घोटाभर पाण्यात उभी होती. खोलिक माती ओढत राहिला. मग फावड्यावर रेलला.

"ओदिना, पाणी घेतोय मी, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? शोभलं नाही ते. तुझ्या वयाला शोभलं नाही. लोक काय म्हणतील आपल्या गल्लीला?"

"आपल्या गल्लीतलेच म्हणतायत."

"मग? खोटं म्हणतायत का? एकदा तरी 'छे छे' म्हणायला तोंड दुखत होतं?"

अमाकांनी त्याच्या रोपांकडे बघितलं, मग दोघांच्या बागांमधल्या वरंब्याकडे. वरंबा एका जागी खचला होता आणि पाणी तिकडून इकडे चाललं होतं.

"खोलिक, आधी तिथे माती टाक," ते म्हणाले. "तुझं पाणी माझ्यात येतंय. मग बोलू."

खोलिकने माती टाकली. पण बोलायला तो पुन्हा थांबला नाही. पाण्याचे तीनच दिवस होते आणि त्याच्या बागेच्या चार ओळी अजून कोरड्या होत्या.